मागच्या व्हरांड्यापर्यंतची वायर

दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत एक दिवाण होता आणि त्या दिवाणाच्या पोटात तीन जुने राऊटर होते. आजच्या मुलांना राऊटर म्हणजे काय हेही सांगावं लागतं. घरात इंटरनेटची लाइन जिथे येते तिथे ठेवायची, दोन मिशांची, हिरवे दिवे लुकलुकणारी ती डबी. पप्पा कंपनी बदलायचे, नवी कंपनी नवी डबी द्यायची, आणि जुनी डबी पप्पा तिच्या मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसकट, वर पेनाने 'चालू स्थितीत' असं लिहून दिवाणात ठेवून द्यायचे. कामाला येईल, म्हणायचे. कामाला आणायची मात्र कुणाला परवानगी नव्हती. हे लिहिताना अजून माझं डोकं तापतं. इतकी वर्षं झाली, राग निवायला हवा होता, आई तर म्हणते की आता सोड बाई. पण मी हे लिहायला बसले आहे ते सोडून द्यायला नाही.

टाळेबंदीचं ते वर्ष सगळ्यांना आठवत असेल. शाळा, ऑफिसं, कॉलेजं, सगळी आपापली दारं लावून लोकांच्या घरात येऊन बसली होती. आमच्या डोक्यावरून दर पाच मिनिटांनी पालमकडे जाणारी विमानं बंद झाली होती, त्यामुळे सकाळी कॉलनीतले मोर ऐकू यायचे. मग भाजीवाल्याची 'भिंडी ले लो, तोरी ले लो' ही हाळी, मग आमचा कुकर, आणि दहा वाजले की पप्पांचा तो खास मीटिंगचा आवाज. पप्पा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी. घरात मराठी बोलायचे, पण मीटिंगमध्ये 'जी सर, बिल्कुल सर' म्हणताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की मला वाटायचं, ह्यातला चमचाभर मऊपणा स्वयंपाकघरात सांडला असता तर काय बिघडलं असतं. पुढची खोली त्यांची, कारण राऊटर तिथे. मधली खोली माझ्या मोठ्या भावाची, आशिषची, कारण त्याचं इंजिनिअरिंग. मी दारात स्टूल टाकून बारावीचे तास ऐकायची. मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे काचा लावून बंद केलेला व्हरांडा, तिथे कपडे वाळायचे, कांदे-बटाटे असायचे आणि आई असायची. सरकारी क्वार्टरच्या त्या नऊ इंची भिंती आणि मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट ओलांडून तिकडे नेटवर्कचा एक दांडाही पोचत नसे. मोबाइलचं नेटवर्क तर आमच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला धड फोन लागू देत नसे. आणि ह्याचं कुणालाही काही वाटत नव्हतं, कारण मागे फक्त आई होती.

आई मराठीची एम. ए., वर बी. एड. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. लग्नाआधी नगरला ती दोन वर्षं शाळेत शिकवत होती, आणि तिचा वर्ग सुटला की मुलं दारात घोटाळायची म्हणे. मग लग्न, मग दिल्ली, मग आशिष, मग मी. दिल्लीत मराठी शिकवणारीला कोण विचारतंय, असं पप्पाच म्हणायचे आणि ते खरं होतं म्हणून आणखी लागायचं. तर त्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात तिच्या मैत्रिणीने पाठवली. परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांना घरबसल्या शिकवायला शिक्षक हवे होते. आईने अर्ज केला, फोनवर पहिली मुलाखत झाली, आणि निरोप आला की आता एक नमुना वर्ग घ्या, चार मुलं असतील, आमच्या दोन बाई बघतील, त्यावर ठरेल. ही गोष्ट तिने जेवताना सांगितली. नगरकडची झणझणीत शिपी आमटी होती, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, म्हणजे पप्पांच्या आवडीचं सगळं मुद्दाम मांडून. पप्पा आमटी ओरपत म्हणाले, "बिल्कुल कर. कोण अडवतंय तुला?"

ह्या 'कोण अडवतंय' इतकं नाकाने कांदे सोलणारं वाक्य मी पुढे आयुष्यात कुणाकडून ऐकलं नाही. अडवायला माणूस लागतच नाही. पुढच्या खोलीत तिचा वर्ग नको, कारण मीटिंगमध्ये आवाज जातो. मधल्या खोलीत नको, कारण आशिषचा अभ्यास. मागे नेटवर्क नाही. राऊटर मध्ये सरकवायचा म्हटलं तर पप्पांच्या साहेबांचा चेहरा स्क्रीनवर अडकेल. मग तिने वर्ग काय हौदावर घ्यायचा? अडवत मात्र कुणी नव्हतं. मी आशिषला म्हटलं तू तरी बोल, तर तो म्हणाला, "यार सुवी, मला मध्ये नको घेऊ." माझं नाव सुवार्ता. त्या घरात चांगली बातमी आणायचं काम आपलंच आहे असं मला लहानपणापासून वाटायचं, आणि कुणी आणू दिली नाही की तळपायाची आग मस्तकात जायची.

मी पप्पा अंघोळीला गेलेले बघून दिवाण उघडला आणि त्यातल्या त्यात नवा राऊटर उचलला. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी एकदा सांगितलं होतं की जुना राऊटर फेकायचा नसतो, त्याला नव्याच्या हाताखाली कामाला लावता येतं. नेहरू प्लेसची कॉम्प्युटरची दुकानं नुकती अर्धी-मुर्धी उघडली होती. तिथून तीस मीटर वायर आणली. राऊटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालून दहा आकडे मोजले की तो आपलं सगळं जुनं विसरतो. मग लॅपटॉपला जोडून त्याला नव्याने नाव द्यायचं. मी नव्या राऊटरचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला, म्हणजे फोनला दोघांतला फरक कळू नये. वायर लावली, मागे हिरवे दिवे लागले, आईच्या फोनवर सगळे दांडे भरले, आणि पुढच्या खोलीतून पप्पांचा आवाज आला. मीटिंगमध्ये नव्हे, माझ्या नावाने.

चूक माझी होती, तेव्हाही कबूल केली आणि आताही करते. घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला राऊटर एकेक पत्ता वाटून देतो, आणि त्या पत्त्यावर बाहेरचं सगळं येतं. मी जुन्या राऊटरचं हे वाटप बंद करायला विसरले होते. एका घरात दोघं पत्ते वाटायला बसले, कुणाचा निरोप कुणाकडे हे कुणालाच कळेना, आणि पप्पांचे साहेब तोंड उघडं ठेवून स्क्रीनवर गोठले. मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. शेवटी ते खोकं दिवाणात परत गेलं आणि दिवाणावर पप्पा बसले. दुसऱ्या दिवशी ते दूध आणायला बाहेर पडले तेव्हा आईनेच दिवाण उघडून ते खोकं माझ्या हातात दिलं. मी तिला भाजी निवडता निवडता समजावून सांगितलं की पत्ते नव्यानेच वाटायचे, जुन्याने नुसतं आलेलं पुढे पोचवायचं, स्वतःचं काही चालवायचं नाही. ती हसली. "म्हणजे माझ्यासारखं," म्हणाली. मला हसू आलं नाही.

ह्या वेळी मी वाटप आधी बंद केलं. जुन्याचा स्वतःचा पत्ता, म्हणजे एक आकडाच, नव्याहून वेगळा दिला, म्हणजे दोघांची टक्कर नको. वायरचं दुसरं टोक मागच्या निळ्या भोकात न घालता शेजारच्या पिवळ्या चारांतल्या एकात घातलं, कारण निळ्यात घातलं की जुना पुन्हा घरमालक होऊन बसतो. वायर पुढच्या खोलीतून कॅलेंडरच्या मागून, मधल्या दाराच्या चौकटीवरून, स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीखालून, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून लावून व्हरांड्यात नेली. संध्याकाळपर्यंत पप्पांना पत्ताच नव्हता, म्हणजेच काम नीट झालं होतं. कळलं तेव्हा त्यांनी वायरकडे असं पाहिलं, जणू भिंतीवर पाल आहे. भिंतीला खिळा नाही आणि पाहुण्यांना दिसता कामा नये, एवढ्या अटींवर त्यांनी ती राहू दिली. मला तो माझा विजय वाटला. सतरा वर्षांची होते, विजय स्वस्तात वाटायचे.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मला फार आवडतात, आणि म्हणूनच पुढच्या गोष्टीचा संताप होतो. कांद्यांची टोपली सरकवून आईने तिथे टेबल लावलं. आशिष नाही, पप्पा नाही, मला समोर बसवून ती सराव करायची. नमुना वर्गासाठी तिने स्वयंपाकघरच घेतलं होतं. रवी, झारा, उलथणं, काथवट. मला ह्यातले निम्मे शब्द येत नव्हते. मी उलथण्याला 'पलटा' म्हणायची, रवीला 'मथनी', आणि काथवट, म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात, हा तर मला कुठल्या गावाचा प्रकार वाटला. आई चिडली नाही. एका भांड्यात ताक घेऊन तिने रवी दोन तळव्यांत धरली, घुसळायला लागली, आणि घुसळता घुसळता तो शब्द माझ्याच तोंडून काढून घेतला. शिकवताना तिची मान वेगळीच, ताठ असायची. एरवी पदराला हात पुसत बोलणारी बाई ती, पण त्या टेबलाशी तिचे हात मोकळे असायचे. मी तिला सतरा वर्षं ओळखत होते आणि ही बाई मला माहीत नव्हती. ह्याचा राग कुणावर धरायचा ते मला लगेच कळलं.

आता सात वाजताचं सांगायला हवं. आमच्याकडे रोज संध्याकाळी सातला कौटुंबिक प्रार्थना असे. पप्पांच्या वडलांपासून चालत आलेली. सात वाजले की पप्पा राऊटरचं भिंतीवरचं बटण बंद करायचे, फोनवर काही टिंगटिंग नको म्हणून. मग एक गीत, मग बायबलमधलं वचन, मग सगळ्यात लहान असेल त्याच्यापासून एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची, म्हणजे आधी मी, मग आशिष, मग आई, आणि शेवटी पप्पा समारोप करून प्रभूची प्रार्थना सुरू करायचे, ती चौघांनी एकत्र म्हणायची. एक नियम होता आणि तो कडक होता. कुणी प्रार्थना करत असताना डोळे उघडायचे नाहीत आणि त्याला तोडायचं नाही, आमेन होईपर्यंत. एकदा माझी प्रार्थना चालू असताना कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, डाळ करपल्याचा वास घरभर पसरला, पण पप्पांनी कुणाला उठू दिलं नाही. देवाशी बोलणाऱ्याला मध्ये अडवायचं नसतं, म्हणाले. ती करपलेली डाळ आम्ही खाल्ली.

आईचा नमुना वर्ग साडेसहा ते सव्वासात ठरला होता, कारण तिकडच्या मुलांची ती दुपारची वेळ. आईने पप्पांना तीनदा सांगितलं. एकदा आदल्या रविवारी, एकदा आदल्या दिवशी, एकदा त्या दिवशी सकाळी चहा देताना. तिसऱ्या वेळी मी तिथेच होते. अहो, आज तेवढी प्रार्थना साडेसातला करू या, बटण बंद करू नका, असं ती स्वच्छ म्हणाली. पप्पा पेपरातून वर न बघता म्हणाले, "अच्छा, बघू." आजही कुणी मला 'बघू' म्हटलं की मी विचारते, काय बघणार, कधी बघणार, आणि बघून काय करणार ते आत्ता सांगा. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत.

वर्ग सुरू झाला. आईने नगरहून आलेली जांभळी साडी नेसली होती. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, पिठाच्या डब्यावर बसले होते. स्क्रीनवर चार मुलं आणि पुण्याच्या दोन बाई. पहिली वीस मिनिटं मुलं लाजत होती, मग एक मुलगी झाऱ्याला बघून 'पुरी' म्हणाली आणि सगळे हसले, पुण्याच्या बाईसुद्धा. आई रंगात आली. शेवटी तिने रवी काढली, ताक घुसळलं, रवी कॅमेऱ्यापुढे धरली आणि त्यातल्या सगळ्यात लाजऱ्या मुलाला विचारलं, "सांग बरं, माझ्या हातात काय आहे?" तो मुलगा पूर्ण वर्गात बोलला नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि तसाच थांबला. आई त्याच्याकडे बघत हसून वाट पाहत राहिली. मग माझ्या लक्षात आलं की बाकीची मुलंही हलत नाहीत.

माझा पहिला संशय कुणावर गेला सांगू? माझ्यावर. राऊटरचे दिवे चालू, फोनवर सगळे दांडे भरलेले, आणि इंटरनेट नाही. मी जुना राऊटर बंद करून चालू केला. आकडे तपासले. आई रवी हातात धरून उभी होती, आणि मी तिला म्हणत होते, आई सॉरी, माझंच काहीतरी चुकलंय, सॉरी. ती पाच मिनिटं मी स्वतःला शिव्या घालण्यात घालवली, आणि ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड त्या पाच मिनिटांची येते. मग वाटलं, वायर कुठेतरी निसटली असेल. मी हाताने वायर चाचपत निघाले. मसाल्याची फळी, ठीक. चौकटीवरचे चिमटे, ठीक. कॅलेंडर, ठीक. वायर संपली तिथे नवा राऊटर होता, काळाठिक्कर, आणि वर भिंतीवरचं बटण बंद होतं. पप्पा खुर्चीत बसले होते, चष्मा लावून, मांडीवर बायबल आणि गीतांचं पुस्तक. शेजारी आशिष जमिनीकडे बघत बसला होता.

मी म्हटलं, आईचा वर्ग चालू आहे. पप्पांनी घड्याळाकडे बोट केलं. "सात वाजले, बेटा. देवापेक्षा वर्ग मोठा नाही."

विसरले असते तर मी माफ केलं असतं. सवयीने हात गेला असता तरी केलं असतं. त्यांना आठवत होतं. मी बटण दाबलं. राऊटर जागा व्हायला तीन मिनिटं घेतो, ती तीन मिनिटं मी तिथे उभी राहून पप्पांकडे बघत होते आणि ते वचन शोधत होते. मागे गेले तेव्हा स्क्रीनवर एवढंच होतं की बैठक संपली आहे. आईने ताक झाकून ठेवलं, रवी धुतली, खुंटीला लावली, आणि पुढे येऊन तिच्या नेहमीच्या जागी खाली बसली. मी बसणार नव्हते. मी दारात उभी होते आणि मला त्या घरातली प्रत्येक वस्तू फोडायची होती. आई म्हणाली, "सुवी, बस." मी तिच्यासाठी बसले.

गीत झालं, पप्पांनी वचन वाचलं. माझी पाळी आली, मी म्हटलं मला काही मागायचं नाही, आमेन. आशिष दोन वाक्यं पुटपुटला. मग आईची पाळी. एरवी तिची प्रार्थना इतकी हळू असायची की मला फक्त शेवटचं आमेन ऐकू यायचं. त्या दिवशी ती शिकवायच्या आवाजात बोलली.

"प्रभू, आजच्या दिवसासाठी आणि घरातल्या अन्नासाठी तुझे आभार. आज माझा वर्ग सात वाजता बंद पडला. तो सुवीच्या हातून बंद पडला नाही. माझ्या नवऱ्याने बटण बंद केलं, आणि करताना तुझं नाव पुढे केलं. मी त्यांना तीनदा सांगितलं होतं, तू ऐकलं आहेस. वीस वर्षं मी इथे सात वाजता बसते. मला वाटायचं तू बोलावतोस म्हणून बसते. आज मला ठाऊक नाही मला कोण बोलावत होतं."

पप्पा खाकरले. ती थांबली नाही, आणि त्यांना तिला थांबवता येत नव्हतं. नियम त्यांचाच होता. मी डोळे उघडले, जन्मात पहिल्यांदा. पप्पांचे मिटलेलेच होते, पण पापण्या हलत होत्या आणि गीतांच्या पुस्तकावरची बोटं पांढरी पडली होती.

"त्यांना माझी ही नोकरी नको होती तर तसं म्हणायला हवं होतं, मी भांडले असते. तुझ्या आडून नको होतं. उद्यापासून सात वाजता मी मागच्या व्हरांड्यात असेन. मुलं मिळाली तर मुलांबरोबर, नाही मिळाली तर तुझ्याबरोबर. मला भेटायचं असेल तर तू तिथे ये. येशूच्या नावाने मागते. आमेन."

आशिष आमेन म्हणाला, आणि चांगलं मोठ्याने म्हणाला. त्या एका आमेनसाठी मी त्याला पुढे बरंच काही माफ केलं. आता समारोप पप्पांचा. तो गाळून त्यांनी सरळ प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि आम्ही सवयीने सुरात सूर मिसळला. रोजची भाकर मागायची ओळ झाली. मग क्षमेची ओळ आली, जिच्यात आपण दुसऱ्यांना माफ केलं आहे असं सांगून स्वतःसाठी माफी मागायची असते. माझं तोंड मिटलं. त्याच वेळी आई गप्प झाली, आणि आशिषही. आमचं काही ठरलं नव्हतं. ती ओळ त्या खोलीत एकट्या पप्पांच्या आवाजात म्हटली गेली, आणि ती त्यांना एका दमात म्हणता आली नाही.

पुण्याहून दुसऱ्या दिवशी सभ्य शब्दांत नकार आला. वर्ग छान होता, पण जोडणीची खात्री हवी, असं काहीतरी. आईने दुसरी संधी मागितली, मिळाली नाही. म्हणजे पप्पांना हवं होतं ते झालं, हे कुणी गोड करून सांगू नये. सात वाजता मात्र ती मागच्या व्हरांड्यात बसली. आधी एकटी, मग आमच्या चर्चच्या मंडळीतली तीन मुलं, दिल्लीत वाढलेली, मराठीत अडखळणारी, त्यांना घेऊन. पुढे ती तिनाची वीस झाली. ते बटण पुन्हा सातला कधी बंद झालं नाही. पप्पा पुढच्या खोलीत हळू आवाजात एकटे वाचायचे, आणि मागून मुलांचा 'रवी, रवी' असा गलका यायचा. मी वायरचे चिमटे दर महिन्याला तपासायची.

आता पप्पा थकले आहेत आणि दोघं माझ्याकडेच असतात. आईची शिकवणी अजून चालू आहे, त्यामुळे संध्याकाळी सातला त्यांच्याजवळ मी बसते. औषधं मी देते, चष्मा मी शोधून देते, ह्यात मी कधी कुचराई केलेली नाही. आईने क्षमेची ती ओळ पुन्हा म्हणायला केव्हाच सुरुवात केली, ती माझ्यापेक्षा मोठ्या मनाची आहे. प्रभूची प्रार्थना पप्पा आणि मी मिळून म्हणतो, आणि त्या ओळीपाशी मी थांबते. पप्पाही थांबतात. ते दरवेळी जरा वाट बघतात, मग एकटेच पुढे म्हणतात.